सव्वा महिन्याचा गोळा

पळसाची फुलं गळून जातात, बोथच्या रस्त्याला मोहाचा गोडसर वास धरतो, शाळा अर्ध्या दिवसाची होते, आणि माझ्या हातांना एक वजन आठवायला लागतं. सव्वा महिन्याच्या लेकराचं वजन. डावा तळवा खाली, उजवा वरून आधाराला. परवा फळ्यासमोर उभा असताना सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, कोनाची वाट पाहून राह्यले?" तेव्हा कळलं, मी खडू ठेवून दोन्ही हात पुढे करून उभा होतो. वर्ग हसला. मीही हसलो, आणि अपूर्णांकांकडे वळलो.

मी कुंभाराचा मुलगा आहे आणि तेलंगणातल्या बोथच्या मराठी शाळेत गणित शिकवतो. ही दोन्ही वाक्यं एकाशेजारी एक लिहायला मला बरीच वर्षं लागली. नोकरी लागली त्या वर्षी शाळेत जाण्याआधी मी कडुनिंबाची काडी घेऊन बसायचो आणि नखांतली माती कोरून काढायचो. एका सकाळी वहिनीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं तासलेली एक बारीक काडी आणून माझ्यासमोर ठेवली आणि चिखल तुडवायला निघून गेली. तिच्या मनात टोमणा नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा मी ती काडी उचलून नखं साफ केली, एवढंच.

माझा थोरला भाऊ गावातच राहिला. त्याला मी दादा म्हणतो. आमचं गाव बोथपासून सायकलच्या अंतरावर आहे. मी बोथला घर केलं, दादानं वडिलांचं चाक घेतलं. आमच्या घरात एक जुनी वाटणी आहे. चाक पुरुषाचं आणि गोळा बाईचा. मातीत पाणी किती, वाळू किती, आणि एका मडक्याला चिखल किती घ्यायचा, हे सगळं बाई ठरवते. आधी आई ठरवायची, मग वहिनी. दादानं इतक्या वर्षांत स्वतःसाठी एकही गोळा केलेला नाही. तो चाकाशी बसतो, न पाहता उजवा हात बाजूला करतो, हातात गोळा येतो. तो एकदा झेलल्यासारखा करतो, "बरोबर" म्हणतो आणि चाकाच्या मधोमध आपटतो. दिवसातून शंभर वेळा तो हा शब्द म्हणत असेल. लहानपणी मला वाटायचं, तो कामाचाच एक आवाज आहे, चाकाच्या घरघरीसारखा.

गोळ्याचा अंदाज चुकला तर काय बिघडतं, असं माझ्या शाळेतले लोक विचारतात. त्यांना वाटतं, घागर चाकावरच पूर्ण होते. तसं नसतं. चाकावरून उतरतं ते एक जाड, बुटकं भांडं. गळा तेवढा तयार असतो. ते थोडं सुकलं की आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी फळीनं ठोकत जायचं, आणि ठोकता ठोकता पोट फुगवत न्यायचं. जेवढी माती पहिल्यांदा घेतली तेवढीच शेवटपर्यंत पुरवायची. मध्येच वाढवता येत नाही. जास्त घेतली तर घागर धोंड्यासारखी जड होते आणि पाणी गार करत नाही. कमी घेतली तर ठोकताना भोक पडतं. सगळी घागर त्या पहिल्या ओंजळीत ठरून गेलेली असते.

आणि वहिनी ती ओंजळ लेकरांवरून मोजते. घागर म्हणजे सव्वा महिन्याचं लेकरू. रांजण म्हणजे बसायला लागलेलं. पणत्यांचा गोळा म्हणजे रडून रडून झोपलेलं, कारण ते जास्त जड लागतं म्हणे. घागरीवर ठेवायच्या लहान मडक्याला आमच्याकडे करा म्हणतात. तो मात्र मांजरीचं पिल्लू. गावात कोणाकडे बाळ झालं की बाया ते आधी वहिनीच्या हातात देतात. ती डोळे मिटून एकदा वर उचलते आणि सांगते, "हे दीड घागर झालं बापा. आता नजर काढा." अंगणवाडीच्या बाई नंतर काट्यावर ठेवतात आणि मान डोलावतात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वहिनीचा उजवा हात माझ्यामुळे मोडला.

हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. माझ्या घरी पांढऱ्या चकचकीत फरश्या आहेत, आणि दादाच्या ओसरीवर शेणाचं सारवण. दर वेळी तिथे जाऊन बसलो की मला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. शेवटी मी न विचारता बोथहून मिस्त्री नेला आणि त्यांच्या ओसरीला तशाच फरश्या बसवून दिल्या. वहिनी एकदाच म्हणाली, "भाऊजी, चिखलाच्या घरात गुळगुळीत कायले?" मी म्हणालो, "तुम्हालाही सुख नको का?" फार मोठा माणूस असल्यासारखं म्हणालो. होळीनंतर आठ दिवसांनी ती ओल्या पायांनी, घागरीचा गोळा छातीशी धरून, त्या फरशीवरून घसरली. गोळा सोडला असता तर दोन्ही हात टेकता आले असते. तिनं गोळा सोडला नाही. मनगट मोडलं.

मी धावत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हात सुजलेला, आणि मांडीवर तो गोळा, अजून ओला. मला पाहून म्हणाली, "याले पोतं झाकून ठेवा आधी. वाळून जाईन."

प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. आणि आखजी महिन्याभरावर आली होती.

आखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या भागात कुंभाराच्या घरून सुरू होते. त्या दिवशी नवी घागर, तिच्यावर करा, त्यात वाळा घातलेलं पाणी, बाजूला चिंचवणी आणि शेवया, असं सगळं आधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं ठेवतात. त्यांनी पाणी प्यायल्याशिवाय नव्या घागरीचं पाणी घरातलं कोणी पीत नाही. आखजीच्या दुसऱ्या दिवशी मिळालेली घागर काही कामाची नसते. म्हणून लोक होळीपासूनच सांगून ठेवतात. आमच्या गावचे, आजूबाजूच्या पाच-सहा गावांचे, इंद्रवेल्लीकडच्या पाड्यांवरचे. तेलुगू बोलणाऱ्या बायाही येतात, त्या घागरीला कुंडा म्हणतात आणि दादा त्यांना तेलुगूतच थट्टेनं उत्तरं देतो.

तर त्या वर्षी गोळे करणारं कोणी नव्हतं. मी म्हणालो, मी करतो. शाळा अर्ध्याच दिवसाची होती. पहाटे गावात यायचं, सकाळचे गोळे करून ठेवायचे, आठला शाळा गाठायची, साडेबाराला सुटली की परत यायचं आणि दुपारचे करायचे. दादानं माझ्याकडे पाहिलं. "करशीन तू? चिखल हाय मधू, वही नाही."

पहिल्या दिवशी वहिनीनं डाव्या हातानं एक गोळा थापून मला दिला. "हे पाहा. सव्वा महिन्याचं. असे करा." मी तो हातात घेतला. माझी मुलगी सव्वा महिन्याची असताना मी तिला किती वेळा घेतलं होतं, तेच आठवेना. मग मी एक गोष्ट केली. बोथच्या बाजारातून भाजी तोलायचा लटकता काटा विकत आणला होता, तो पिशवीत होता. वहिनी आत गेल्यावर मी तिचा गोळा तोलला. चार किलोला थोडा कमी. आकडा खडूनं भिंतीच्या मागच्या अंगाला लिहिला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोळा त्या आकड्याला बसवला. चिमूटभर काढ, चिमूटभर लाव. वाटलं, फरशीच्या बाबतीत चुकलो, निदान इथे तरी चूक व्हायला नको.

सकाळचे गोळे उत्तम गेले. दादा हात बाजूला करायचा, मी गोळा द्यायचो, तो म्हणायचा, "बरोबर." तो शब्द मला मिळत होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण पहिल्या "बरोबर"ला माझे कान गरम झाले. शाळेत त्या दिवशी मी कोणालाही रागावलो नाही.

दुपारचं काम वेगळं निघालं. जेवणानंतरचा तिसरा की चौथा गोळा चाकावर डगमगायला लागला. दादानं दोन्ही कोपर मांड्यांना टेकवून जोर लावला, तरी तो मधोमध बसेना. गळा काढताना एका बाजूला कलला आणि बसला. दादानं तो खरवडून टाकला. दुसरा घेतला. तोही बसला. "चिखल घट झाला काय?" मी पाणी लावून मऊ केला, तर भांडं उभंच राहीना. चार वाजता दादानं मोटार बंद केली. चाक मोटारीचं होतं, सात-आठ वर्षं झाली होती; काठीनं फिरवायचं जुनं चाक अंगणात कोंबड्यांना बसायला होतं. म्हणजे चाक फिरवायचा त्रासही नव्हता. दादा आपल्या हातांकडे पाहत बसला. त्या दिवशी दुपारनंतर तो एकदाही "बरोबर" म्हणाला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं दोनलाच हात धुतले.

"मधू, अर्ध्या लोकाईले सांगून टाक, दुसरीकून घ्या म्हना. माह्यानं होत नाही आता."

"दादा, चिखलच..."

"चिखलाले काय झालं? सकाळी तोच हाय. हातच गेले माहे." मग तो थोडा हसला. "चाळीस वर्षं झाले. जाऊ दे. बुढा झालो, एवढंच."

मी त्याला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता, आणि मागे माझ्या फरश्या, त्यांच्यावर वहिनीनं टाकलेली गोणपाटं. सगळ्या महागड्या फरश्या गोणपाटांखाली. मी मनात हिशेब मांडला: वहिनीचा हात गेला, आता दादाचे हात. दोन्ही माझ्या भल्या हेतूंनी.

त्याच वेळी कमळामावशी घागर पाहायला आली. कमळामावशी म्हणजे नाल्याकाठी भाजी पिकवणाऱ्या घरातली म्हातारी. दर वर्षी आखजीची पहिली घागर-कऱ्याची जोडी तिची. ओळीनं मांडलेल्या कच्च्या घागरींवर ती बोटाचं पेर वाजवत फिरली.

"याइत माही नाही," ती म्हणाली.

"मावशे, सगळ्या सारख्या हायत," मी म्हणालो. सारख्या होत्याच, त्यांचे गोळे मी तोलले होते.

"सारख्या हायत म्हनूनच म्हनतो. तुह्या दादाच्या काही घागरी पानी गार करते, काही नुसतं सांभाळते. मी वाजवून नेतो. यंदा सगळ्या सांभाळनाऱ्याच केल्या काय बापा?"

ती गेल्यावर मी वहिनीकडे गेलो. ती बाजेवर बसून डाव्या हातानं लसूण सोलत होती, फार हळू. मी काटा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. भिंतीवरचा आकडा, चिमूटभर काढणं, चिमूटभर लावणं. सांगता सांगता फरशीचंही सांगितलं. म्हणजे ती मी तिच्या सुखासाठी बसवली नव्हती, इथे येऊन बसताना मला बरं वाटावं म्हणून बसवली होती. हे माझं मलाही त्या क्षणीच कळलं.

वहिनी काट्याकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"तोलले? सगळेच्या सगळे तोलले भाऊजी?"

"हो."

"सकाळचे बी, दुपारचे बी?"

"सगळे एकसारखे."

तिनं लसणाचं ताट बाजूला केलं. चाकाकडे पाहिलं, दादा तिथे नव्हता, गुरांना पाणी पाजायला गेला होता. तरी ती आवाज उतरवून बोलली.

"सकाळी सव्वा महिन्याचं. जेवनानंतर महिन्याचं द्याजा. चार वाजता वीस दिवसाचं."

"काऊन?"

"त्याइचा खांदा. दुपारी जोर राह्यत नाही. मोटार बसवली त्याच्या आंधीपासून. मी मूठभर काढून घेतो."

"मग घागर लहान नाही होत?"

"ठोकतो ना मी. पोट तेवढंच काढतो. पातळ होते, एवढंच. लोकाईले थेच आवडते."

मला कमळामावशीचं पेर आठवलं. गावभर ज्या घागरींचं पाणी गार म्हणून नाव होतं, त्या दादाच्या थकलेल्या दुपारच्या घागरी होत्या.

"आणि दादाला हे माहीत नाही?"

वहिनीनं लसणाची एक पाकळी उचलली. "त्याइले सांगाले काय झालं? चिखल माहा हाय. किती द्याचा थो मी पाह्यतो."

"आणि फरशी?"

"दुपारी पाठ टेकवाले बरी हाय. थंड लागते." मग जरा थांबून, "पन पुढच्या वेळी इचारजा भाऊजी. सांगाची गरज पडली तर मी सांगीन, मले काय पाह्यजे थे."

त्या संध्याकाळी मी काटा पिशवीत घातला. भिंतीवरचा आकडा ओल्या हातानं पुसला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वहिनी बाजेवर बसली आणि मी एकेक गोळा तिच्या डाव्या हातात ठेवत गेलो. "जड." "अजून जड, हे तर रांगाले लागलं." "हां, आता हलकं झालं, हे पोटातच हाय." आम्ही दोघं हसत होतो. पंधरावीस गोळ्यांनंतर तिनं डोळे मिटून एक हातात घेतला आणि परत दिला, काही न बोलता. मी तो माझ्या हातात धरला. आणि खरंच, माझी मुलगी आठवली. बोथच्या दवाखान्यातून घरी आणली त्या दिवसाची ती नव्हे, नंतरची, मान अजून न धरणारी, आंघोळ घालून कापडात गुंडाळलेली. वीस दिवसांची. ते वजन माझ्या हातात इतकी वर्षं पडून होतं.

दादा चाकाशी बसायला तयार नव्हता. "कायले परत चिखल वाया घालवतं?" मी म्हणालो, "एकच." त्यानं न पाहता हात बाजूला केला. मी गोळा दिला. त्यानं तो झेलला आणि थोडा वेळ तसाच धरला, नेहमीपेक्षा जरा जास्त.

"बरोबर," दादा म्हणाला, आणि आपटला.

गोळा मधोमध बसला. गळा सरळ वर आला. दादानं दोऱ्यानं कापून तो उतरवला आणि हात पुन्हा बाजूला केला. त्या दुपारी आम्ही उजेड कमी होईपर्यंत काम केलं. दादा जुनी लग्नातली गाणी पुटपुटत होता, चालीत बसेल तेवढीच. कोंबड्या जुन्या चाकावर बसून पाहत होत्या.

वहिनीचा हात बांधलेला, म्हणून ठोकायचं कामही त्या वर्षी दादाकडेच आलं होतं, ते तो सकाळी ताज्या अंगानं करायचा. कालच्या दुपारची घागर त्यानं मांडीवर घेतली, आत गोटा धरला, फळी मारली. दोन-चार फटक्यांतच माती किती आहे हे हाताला कळतं. मला कळतं, तर त्याला कळणार नाही का? मी पाहत होतो. तो ठोकत राहिला. पोट फुगत फुगत नेहमीएवढं झालं, पातळ, एकसारखं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आता तुह्या वहिनीवानी झाला तुहा हात."

एवढंच. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही. हा लेख त्यानं वाचला तर कळेलच. पण वाचायला त्याला चष्मा लागतो, आणि चष्मा तो खिशात ठेवतो.

आखजीच्या आदल्या दिवशी घागरी भाजायचा आवा उघडला. राखेतून एकेक लाल घागर बाहेर निघाली. अंगण बायांनी भरून गेलं. कमळामावशीनं पेर वाजवलं, कान लावला, आणि दुपारचीच उचलली. त्या दिवशी कोणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आई-बाबांच्या नावानं पाणी ठेवलं. मग वहिनीनं डाव्या हातानं मला तांब्या भरून दिला. नव्या मातीचा आणि वाळ्याचा वास असलेलं ते पाणी पिताना मला वाटलं, आपल्याला कोणीतरी आत घेतलं आहे.

वहिनीचा हात बरा झाला, किंचित वाकडा राहिला. गोळे तिचे तिच्याकडे परत गेले. तरी तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी जातोच. चिखल तुडवतो, चिखलाच्या खड्ड्यापासून ओसरीपर्यंत घमेली वाहून आणतो. नखांतली माती आता तशीच घेऊन शाळेत जातो. फरश्यांवर अजून गोणपाटं आहेत. दुपारी वहिनी एक कोपरा उघडा करते, तिथे पाठ टेकवते आणि म्हणते, "भाऊजीची फरशी."

यंदा माझा गुडघा दुखतो आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही. ओसरीला तीन पायऱ्या आहेत. तिसरीवर मी जरा थांबतो, ऊन पाहिल्यासारखं करून. काल दुपारी वहिनी खड्ड्याशी बसून घमेलं भरत होती आणि मी ते उचललं. उचलताना वाटलं, काहीतरी राहिलं. दोन वर्षांपूर्वी हेच घमेलं काठाला टेकेपर्यंत भरलेलं असायचं. आता काठाच्या बोटभर खाली. मी वहिनीकडे पाहिलं. ती पुढचा चिखल थापत होती, मान खाली घालून, अगदी कामात.

"जड झालं काय, भाऊजी?"

मी घमेलं दोन्ही हातांत नीट घेतलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर."